नेटी मॅकगार्वी, कपबश्यावाली

ग्लासगोच्या बॅरास बाजारात माझ्या पडद्यांच्या ठेल्याला लागूनच नेटी मॅकगार्वीचा कपबश्यांचा ठेला होता. तिच्या कानापासून ओठापर्यंत वस्तऱ्याचा वण होता. तरुणपणी दोन टोळ्यांच्या मारामारीत ती मधे सापडली होती. कॅथेड्रल बघून खरेदीला आलेले पाहुणे त्या वणाकडे चोरून बघत. नेटी म्हणायची, "बघा निवांत, बघायचे पैसे नाहीत. किटलीचे मात्र पडतील."

त्या रविवारी कॅनडाचं एक जोडपं निळ्या किटलीसाठी घासाघीस करत होतं. तेवढ्यात नेटीची मुलगी आयलिन आली. एक डोळा सुजून बंद झालेला. ती ठेल्यामागे जाऊन बसली.

"केनी?" नेटीनं विचारलं.

आयलिननं होकारार्थी मान हलवली.

पाठोपाठ तो आलाच. केनी स्ट्रँग, तिचा नवरा, सकाळीच ढोसलेला. त्यानं आयलिनचे केस धरले आणि तिला बश्यांवरून फरफटत ओढलं.

"सोड तिला," नेटी म्हणाली.

"म्हातारे, मधे पडू नकोस. एका गालावर नक्षी आहेच, दुसऱ्यावर मी काढीन."

नेटीनं दुधाचा जड जग उचलून त्याच्या कपाळावर फोडला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी तो पडला नाही. त्याच्या ठोशानं नेटीचे दोन दात पडले. मग त्यानं सुरी काढली. मी पडद्याची काठी घेऊन धावले, पण तोवर सुरी नेटीच्या दंडात रुतली होती. मी त्याच्या गुडघ्यावर काठी हाणली, तेव्हा कुठे तो कोसळला.

आयलिन उठली. त्याच्या छातीवर बसून तिनं फुटक्या बशीचा तुकडा त्याच्या गळ्याला लावला. नेटीनं रक्ताळल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"पुरे. तुरुंगात त्याला जायचंय, तुला नाही."

"आई, तो मला मारून टाकेल."

"माहीत आहे. तरी तो तुकडा टाक खाली."

बऱ्याच वेळानं तुकडा पडला. कॅनडाच्या बाईनं नुकतीच घेतलेली लोकरी शाल पिशवीतून काढून नेटीच्या दंडाला घट्ट आवळली.

केनीला चार वर्षांची शिक्षा झाली. आयलिन मात्र कोर्टात त्याच्या बाजूनं बोलली. आईनंच आधी हात उचलला, म्हणाली. नंतर तिनं आईचं तोंड पाहिलं नाही. तुरुंगात त्याला भेटायला मात्र जात राहिली. नेटीच्या हातात जोर उरला नव्हता, म्हणून तिचा माल मी उतरवायचे. एकदा मी आयलिनला कृतघ्न म्हणाले, तर नेटी माझ्यावरच उखडली. "रोज मार खाल्लेल्या बाईची भीती तुला काय ठाऊक? तोंड सांभाळ."

पुढच्या हिवाळ्यात तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत केनीनं टेबलापलीकडून आयलिनचा गळा आवळला. पहारेकऱ्यांनी कसाबसा सोडवला. आयलिन तिथून थेट बाजारात आली. गळ्यावर बोटांचे वळ होते. नेटीनं खुर्ची सरकवली आणि मला चहा आणायला पाठवलं.

"आई, मी कोर्टात जे बोलले..."

"आधी चहा घे. निवतोय."

आयलिन पुन्हा त्याच्याकडे गेली नाही.