अभक्ष्य

हे मी आमच्या घरात कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांनासुद्धा नाही. आता सांगते, आणि मधे थांबणार नाही.

लग्न होऊन सोनाळ्याला आले तेव्हा आमच्या मोहल्ल्यात वाचता येणारी बाई मी एकटीच. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याचा केवढा तोरा! छापील कागद आला की शेजारचे चार जण ओसरीवर बोलवायचे, मला दाराआड उभी करायचे आणि म्हणायचे, "वाच, सूनबाई." मी वाचायची. न अडता वाचायची. अडायची मला भीती वाटायची — की ती नुसती घमेंड होती? घमेंडच म्हणा.

एका वर्षी जवारीवर काणी पडली. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. पुढच्या पेरणीच्या तोंडावर शेतीखात्याचा माणूस मोरचुदाची पुडी आणि एक कागद देऊन गेला. वर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं छापलेलं, खाली सगळी पुस्तकी मराठी. 'द्रावण' म्हणजे काय ते मला पुढच्या ओळीवरून उमगलं — मोरचूद पाण्यात विरघळवायचा, त्यात बी बुडवायचं, सावलीत वाळवायचं. एवढं ऐकून माणसं उठली. दाराआड माझ्याजवळ फक्त मोठ्या जाऊबाई उरल्या, गयाबाई. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिवलं वं?"

लिहिलं होतं, 'उरलेले बी गुरांस अभक्ष्य समजावे.'

भक्ष्य मला ठाऊक होतं. वाघाचं भक्ष्य, म्हणजे खाणं. पण आधी तो 'अ' कशाला? कुणाला विचारता आलं असतं. नाही समजलं, असं म्हणता आलं असतं. पण अक्षर न येणाऱ्या जावेपुढेसुद्धा मला अडायचं नव्हतं.

"उरलेलं बी ढोराले चारा म्हणते," मी सांगून टाकलं.

पेरणी झाली. उरलेलं टोपलंभर बी गयाबाईंनी गाभण म्हशीपुढे ठेवलं. म्हैस फेस गाळत आडवी झाली, तडफडली आणि गेली.

जेठ, म्हणजे गयाबाईंचे मालक, त्यांच्यावर धावून गेले. गयाबाईंना मूलबाळ नव्हतं — घराला निमित्तच हवं होतं.

"मी तं कागदात हाये तेच केलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सांग न वं तू."

मामाजींनी कागद माझ्या हातात दिला. "पुन्हा वाच बरं."

तोवर मला कळलं होतं का? हो. म्हैस तडफडत होती तेव्हाच मी तो कागद उघडला होता. अशक्त, अशुभ, अपुरं — शब्द एकेक करून लावून पाहिले होते. 'अ' लागला की अर्थ उलटा होतो. हे तर मला शाळेत शिकवलेलं!

मी पहिल्यापासून वाचलं. मोठ्यानं, स्वच्छ. 'सावलीत वाळवावे' इथे थांबले आणि कागदाची घडी घातली.

"ढोराचं यात काई नाई," मी म्हणाले.

आठवड्याच्या आत गयाबाईंचा भाऊ त्यांना वरवट बकालला घेऊन गेला. पुढच्या वर्षी जेठांनी दुसरी बायको केली. तिच्या हळदीला मी गाणी म्हटली.

मामाजी वारल्यावर, पुष्कळ वर्षांनी, मी वरवटला गेले. गयाबाई भावाच्या वावरात कापूस वेचत होत्या. बांधावर उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दुसऱ्या बारीनं वाचलं, तवा तुले मालूम होतं?"

"हाव."

त्यांनी पाठ फिरवली आणि पुढचं झाड वेचायला घेतलं. मी परत आले.

परत आले आणि पुन्हा गप्प बसले. जेठांची मुलं आता मोठी झाली आहेत. गयानं म्हैस मारली, हे त्यांनाही पाठ आहे.

नाही. तिनं मारली नाही. बी चारा असं मी सांगितलं. आणि दुसऱ्यांदा कागद वाचला, तेव्हा ते वाक्य मी जाणूनबुजून गिळलं.