गायकवाडांच्या दादांची बत्ती

जुन्या गॅसबत्त्या जमवायला लागलं की बत्त्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. बत्त्यांवरून बायको ओरडते, किश्श्यांवरून कुणी ओरडत नाही!

गारखेड्यात आम्ही तिघं या नादाला लागलोय. मी, शेखभाई आणि गायकवाड. आम्हा दोघांना नुसती हौस. गायकवाडांचं तसं नाही. त्यांचे वडील, म्हणजे दादा, चितेगावात लोकांच्या वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालायचे. दादा गेल्यापासून ती बत्ती घरी बंद पडून होती. आईची नजर अधू होत चाललेली. ती पूर्ण जायच्या आत बत्ती पेटवून दाखवायची, एवढंच गायकवाडांना हवं होतं.

शेखभाईंना सोयगावात एक झकास बत्ती मिळाली. विकणाऱ्यानं पेटवूनही दाखवली. आता, मेंटल म्हणजे ती जाळीची पिशवी, एकदा पेटली की तिची राखच उरते. बोट लागलं की खलास! शेखभाईंनी बत्ती एसटीत मांडीवर घेतली, खड्डा आला की अलगद उचलून धरली. मेंटल घरापर्यंत शाबूत! ते हातपाय धुऊन येईस्तोवर भाभींनी आतून फडकं फिरवलं होतं.

"कित्ते जाले लगे थे इसकू," भाभी म्हणाल्या.



एकदा कॉलनीतली लाइट गेली. शेजारचे काका मोठ्या आशेनं माझ्याकडे आले. माझं कपाट बत्त्यांनी भरलेलं, आणि मी मोबाईलच्या उजेडात काडेपेटी शोधतोय! रॉकेल आता मिळतं कुठं? काकांनीच मला मेणबत्ती आणून दिली.

दादांच्या बत्तीचा पंप हवा धरत नव्हता. आतला चामड्याचा वायसर वाळून गेलेला, आणि तसा बाजारात मिळेना. गायकवाडांनी जावयानं आणलेली कोरी चामडी चप्पल कापली. जावई समोरच बसले होते!

बत्ती तयार झाली तोवर आईला दिसायचं पार थांबलं होतं. गायकवाड म्हणाले, आता राहू द्या. मलाही फार वाईट वाटलं. शेखभाई मात्र ऐकेनात; त्यांनी कुठूनसं बाटलीभर रॉकेलही पैदा केलं होतं. संध्याकाळी आम्ही चितेगावला गेलो आणि ओसरीवर बत्ती पेटवली. पांढराशुभ्र उजेड पडला, बत्ती सूं सूं करायला लागली. गायकवाडांना आईकडं बघवेना.

आई कान देऊन ऐकत होती.

"हवा कमी हाय," ती म्हणाली. "अजून मार."

गायकवाडांनी पंप मारला. आवाज चढत गेला. आईनं चाचपत पदर डोक्यावर घेतला.

"आले तुझे दादा. पाणी दे त्यायला."