तुंबलेला पाट

जेवण झालं की सुकलाल आबा खाटेवर आडवे होतात. सून रत्ना गोळी देते. आबा ती तोंडात टाकल्यासारखं करतात, घोटभर पाणी पितात आणि रत्नाची पाठ वळली की गोळी उशीच्या अभ्र्यात सरकवतात. दारूचा थेंब न शिवता लिव्हर खराब झालं, हेच आधी त्यांच्या जिव्हारी लागलेलं. त्यात लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ ठेवायची गोळी घ्या. पोळ्याला अन्ननळीतली शीर फुटून रक्ताची उलटी झालेल्या माणसानं रक्त आणखी पातळ करायचं? आबांना डॉक्टरच्या अकलेची कीव येते. खरं तर त्यांना भीती वाटते.

डोळा लागतो न लागतो तोच दवाखान्याची फरशी पायाला गार लागते. लांबलचक व्हरांडा आहे. चालता चालता फरशी ओली होते, पाणी घोट्याला लागतं, दोन्हीकडच्या खाटांच्या जागी ऊस उभा असतो. पुढं धुडकूदादा फावडं टेकून उभा आहे. आबांचा थोरला भाऊ, जन्मभर गावच्या पाटाचं पाणी सोडणारा, मागच्या साली गेलेला. टोपी अजून तिरकीच.

"काय करून राहिला रे सुक्या? सगळ्यांनी आपापल्या वाट्याचा पाट साफ केला. तुझ्याच वाट्यात गाळ."

"भ्या वाटतं दादा. पाणी सुटलं तर पुन्हा फुटेल."

"मागं तुझा बांध कशानं फुटला होता?"

"पुढं तुंबलं होतं म्हणून."

"मग?"

आबा पायाखालच्या गाळाकडे बघतात.

"फुटलं होतं तिथं डॉक्टरनं दुर्बीण घालून बांधलंय ना? आता गाळ काढ."

"तू काढ ना."

"माझी पाळी झाली रे," दादा हळूच म्हणतो.

आबांना भडभडून येतं. ते गुडघ्यावर बसतात, पाण्यात हात घालतात. गाळ घट्ट बसलाय. मूठभर निघतो, आणि तेवढ्या वाटेनं पाण्याची बारीक धार पुढं सरकते.

"एका दिवसात निघत नसतो," दादा म्हणतो. "रोज ये."

"आबा, चहा."

भिंतीवर उन्हं उतरलीत. रत्ना त्यांच्या हातांकडे बघते. "हात कशात घातले होते?"

सगळ्या नखांत काळा, ओला गाळ आहे.

"पाटात," आबा म्हणतात. "चहा राहू दे. पाणी आण."

ती तांब्या आणते. आबा अभ्र्यातून आजची गोळी काढतात, तिच्या डोळ्यांदेखत गिळतात आणि लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवतात.