काकांनी सांगितलेलं

कोऱ्या चहाचा वास आला की जामखेडचं आमचं अंगण आठवतं. वडील विहिरीवर मोटार चालू करताना शॉक लागून वारले होते. घरातली चूल बंद होती, चहा शेजारून यायचा. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कसं झालं?" आणि आई पहिल्यापासून सांगायची. दोन-तीन दिवसांत तिचा आवाज बसला, तेव्हा शेजारचे काका सांगू लागले. ते तर त्या दिवशी कोपरगावला होते. "वहिनीनं चहा ठिवला हुता. आलोच म्हनले, अन् गेले." बाया रडल्या. आई काकांकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मग?" विहिरीवर वडिलांसोबत मी होतो. मला तेव्हा कुणी विचारलं नाही. आता कुणी विचारलंच, तर मी काकांचंच सांगतो, चहापासून.