सोमीला न दिलेलं इंजेक्शन

"म्हण. मोठ्यानं म्हण. मी डॉक्टर नाही."

आरोग्य केंद्रात भरल्या ओपीडीत डॉक्टर मला म्हणायला लावत होते. बाकावर माझ्याच गावच्या बाया. मी तिथली नर्स. आदल्या दिवशी एका म्हातारीला डॉक्टरांना न विचारता तापाच्या गोळ्या दिल्या, हा गुन्हा.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणाले.

"जंगलातून येतात अन् औषधं वाटतात. तुम्हा गोंडांत भुमका असतो ना मंत्र मारायला? त्याच्या हाताखाली राहा."

डॉक्टर हसले. बाया खाली बघत होत्या.

हेच डॉक्टर आठवड्यातले चार दिवस ब्रह्मपुरीला स्वतःच्या दवाखान्यात बसत. जाताना कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून देत. औषधं मी लिहायची. म्हातारी आली त्या दिवशी चिठ्ठ्या संपल्या होत्या, एवढंच.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी गावातल्या सोमीला आणलं. आठवा महिना. झटके येत होते. तोंडाला फेस. बीपी वर गेलेलं. डॉक्टर नव्हते. मी ॲम्ब्युलन्स बोलावली, झटके थांबवायची सुई भरली आणि थांबले. डॉक्टरांना फोन लावत राहिले. ते उचलत नव्हते.

सोमीची माय ओरडली, "बाई, द्या ना जी हिले काही! काऊन उभ्या राह्यल्या?"

सुई हातात होती. टोचली नाही.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सोमी गेली होती. पोटातलं लेकरूही.

मग मी कपाट उपसलं. तळाशी प्रशिक्षणाची पुस्तिका होती. त्या प्रशिक्षणाला डॉक्टरांनी मला जाऊच दिलं नव्हतं, ओपीडी कोण सांभाळेल म्हणून. आत साध्या मराठीत छापलेलं: गरोदर बाईला झटके आले आणि डॉक्टर नसेल, तर नर्सनं पहिला डोस द्यावा, मग पुढे पाठवावं.

मला अधिकार होता. सोमी जिवंत होती तेव्हाही होता.

संध्याकाळी डॉक्टर आले. सही केलेली कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. "इंजेक्शन दिलं असं लिही. वेळ दीडची टाक."

"नाई लिहीत."

"काय म्हणालीस?"

"इंजेक्शन मी देल्लंच नाई. तुमच्या भेवानं नाई देल्लं. तेच लिहीन."

"अडकशील तू. मी नाही."

"अडकतो."

चौकशीत तसंच लिहून दिलं. मी निलंबित झाले. डॉक्टरांची नुसती बदली झाली. मला परत घेतलं ते आणखी आत, जंगलातल्या उपकेंद्रात. सोमीची माय बाजारात दिसते. तोंड फिरवते. तिचं बरोबर आहे.

आता झटके आलेली बाई दारात आली की आधी सुई, मग फोन. मध्ये कोणी उभा राहिला, कितीही मोठा असो, त्याला ढकलून बाईला टोचीन.