खिशातला फ्यूज

परळला काचेच्या एका उंच इमारतीच्या मागच्या फाटकाशी, भिंतीच्या सावलीत दौलत घाडी बसायचा. खाली गोणपाट, शेजारी पत्र्याची पेटी, पेटीत पक्कड, चिकटपट्टी, तांबड्या-काळ्या वायरींची भेंडोळी. त्याच्यापुढे मोटारसायकली येऊन उभ्या राहायच्या. घरोघर जेवण पोचवणाऱ्यांच्या त्या गाड्या. बॅटरीपासून वायर ओढून हँडलपाशी मोबाइल चार्ज करायचा सॉकेट बसवून द्यायचा, हा त्याचा उतारवयातला धंदा.

"काका, लवकर करा," एकजण म्हणायचा. "गाडी बंद पडली तर ढकलता येते. मोबाइल बंद पडला तर काय ढकलू?"

"डायरेक्ट मारा ना बॅटरीवरून. फ्यूज कशाला?" दुसरा म्हणायचा.

"माझ्याकडे डायरेक्ट होत नाही," दौलत मान वर न करता सांगायचा. "घाई असेल तर पुढे जा."

आणि पुढे कोणी जात नसे. कारण त्याने बसवलेला सॉकेट परत दुरुस्तीला आला, असं त्या फाटकावर कोणी पाहिलं नव्हतं.

दौलत आमच्या वाडीचा. विसाव्या वर्षी मुंबईला आला आणि याच जागेवरच्या गिरणीत वायरमन म्हणून लागला. तो पाठ टेकून बसायचा ती भिंत गिरणीचीच होती. आतलं सगळं गेलं, भिंत तेवढी राहिली. भिंतीच्या आत त्याची सहा वर्षं गेली, बाहेर बाकीचं आयुष्य.

गिरणीत वायरमन लोकांचा एक नियम होता. लाईनवर काम करायचं तर आधी तिचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. पेटीत नाही, फळीवर नाही, खिशात. म्हणजे तुम्ही शिडीवर असताना खालून कोणी चुकून वीज सोडायला नको. काम झालं की फ्यूज लावायचा आणि मोठ्याने तीनदा ओरडायचं, "लाईन चालू!" फ्यूजच्या जागी कोणी नुसती तार गुंडाळली, तर त्याच्याशी बाकीचे आठ दिवस बोलत नसत. तारेला वितळणं ठाऊक नसतं, मग माणसं जळतात, असं दौलतला शिकवणारे शामराव म्हणायचे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला, त्या दिवशी दौलत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, एका लाईनवर होता. बाहेर घोषणा सुरू झाल्या, माग एकामागून एक थांबले. दौलत शिडीवरून उतरला आणि सगळ्यांबरोबर चालू लागला. चाळीत येऊन सदरा काढला तेव्हा खिशातून चिनी मातीचा पांढरा फ्यूज बाहेर आला.

"राहू दे," तो बायकोला, सुभद्राला म्हणाला. "आठ दिवसांत परत जायचंच आहे. तोवर ती लाईन माझ्यावाचून चालू होत नाही."

ते आठ दिवस संपले नाहीत. पुढे कोणीतरी त्याला सांगितलं, की संपातच तिथे दुसरा फ्यूज बसला होता आणि नव्या माणसांवर माग चालतही होते. दौलतने ऐकून घेतलं. पांढरा फ्यूज मात्र देवाच्या फळीवर ठेवला तो ठेवलाच.

संपाच्या दुसऱ्या वर्षी उत्तम जन्मला. सुभद्राने खानावळीसाठी चपात्या लाटल्या, दौलतने लग्नमांडवांत दिव्यांच्या माळा जोडल्या, गणपतीत आरास केली. उत्तमची शाळा दहावीला सुटली. उत्तम बापाला कधी उलटून बोलला नाही. तो बोलतच नसे. चाळीतल्या कोणाच्या घरी पंखा बंद पडला की लोक दौलतला बोलवत. स्वतःच्या खोलीतला पंखा उत्तम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचा.

उत्तमही मोटारसायकलवरून जेवण पोचवायचा. फाटकावरून दिवसातून चारदा जायचा आणि थांबायचा नाही. त्याचा मोबाइल दुपारीच मान टाकी, तरी बापाकडून सॉकेट बसवून घेईना. सबंध परळच्या गाड्यांवर दौलतचं काम होतं, फक्त घरच्या गाडीवर नव्हतं. त्याला आयुष्यात आता एवढंच हवं होतं, पोराने एकदा गाडी पुढ्यात उभी करावी.

दोन हजार एकोणीसच्या वैशाखात मी त्याच्याकडे उतरलो होतो. भर दुपारी त्याच्याशेजारी बसलो असता उत्तमची गाडी येऊन थांबली. तो खिशात घेऊन फिरायचा ती पॉवर बँक उन्हाने फुगली होती.

"लावा," तो म्हणाला. एवढंच.

दौलत उठला. मी त्याचे हात पाहत होतो. लेकराला तेल लावावं तसे ते हात त्या गाडीवर फिरत होते. सीट काढलं, वायर टाकीखालून नेली, जिथे घासेल तिथे नळी चढवली, बॅटरीपाशी छोटा फ्यूज बसवला. किल्ली फिरवली. सॉकेटमध्ये निळा दिवा लागला. उत्तमने पाहिलं आणि हलकेच मान हलवली. तेवढी मान दौलतला पुरली.

"दोन मिनटं. वायर बांधून देतो," तो म्हणाला. त्याने फ्यूज पुन्हा काढला, खिशात घातला आणि वायरी बांधू लागला.

शेवटची गाठ पडते न पडते तोच उत्तमचा मोबाइल वाजला. ऑर्डर आली होती, हॉटेल समोरच. त्याच वेळी फाटकातून पहारेकरी धावत आला, "ए काका, गाडी हटाओ! साहब की गाडी निकल रही है!" दौलत त्याच्याशी भांडायला वळला. "चाळीस वर्षांवर या भिंतीला आहे मी, हटाओ कोणाला म्हणतोस?" उत्तमने सीट दाबून बसवलं, सॉकेटमध्ये वायर खुपसली आणि गेला.

"लाईन चालू" असं त्या दिवशी कोणी ओरडलं नाही.

संध्याकाळी उत्तम घरी आला तो हेल्मेट आपटूनच.

"काय झालं रे?" सुभद्राने विचारलं.

"वरळीला पोचलो आणि फोन मेला. पत्ता फोनमध्ये. बिल्डिंग शोधत फिरलो तास-दीड तास. तिकडे तक्रार गेली. कंपनीने आयडी बंद केला, तीन दिवस काम नाही." मग बापाकडे न बघता म्हणाला, "तुमचा सॉकेट पहिल्याच दिवशी मेला. चायनाचा माल."

दौलत गप्प राहिला असता तर निभावलं असतं. मालाचा दोष मालावर गेला असता. पण त्याचा हात खिशाकडे गेला होता, आणि हाताच्या कामाला लागलेला बोल त्याला सोसेना. त्याने फ्यूज टेबलावर ठेवला.

"काम चोख आहे," तो म्हणाला. "फ्यूज माझ्याकडे राहिला."

उत्तम त्या फ्यूजकडे बघत राहिला. मग देवाच्या फळीकडे बघितलं. मग हसला. ते हसणं मला आजही नकोसं वाटतं.

"वा, बाबा! म्हणजे दोनदा. एकदा गिरणीचा घेऊन आलात, एकदा माझा. तेव्हा आईचं घर बंद पडलं, आज माझं पोट. अजून गिरणीतच आहात तुम्ही."

"उत्तम!" सुभद्रा म्हणाली.

"असू दे गं आई. मी पण संपावर आता. फरक एवढाच, बाबांना विचारून संप झाला होता. मला कोणी विचारलं नाही."

तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दौलतही फाटकावर गेला नाही. फ्यूज टेबलावर तसाच होता. सुभद्रा टेबल पुसायची तीसुद्धा त्याच्याभोवतीने.

चौथ्या दिवशी सकाळी दौलतने तो उचलला आणि खाली गेला. मी मागोमाग गेलो. त्याने गाडीचं सीट उघडलं, आणि थांबला. फ्यूजच्या जागी चांदी होती. जेवणाच्या डब्यावर लावतात त्या चकचकीत कागदाची घडी करून उत्तमने कोंबली होती. आदल्या संध्याकाळी कधीतरी खाली जाऊन आला असावा.

दौलतने त्या चांदीवरून नजर टाकीकडे नेली. टाकीच्या खालून ती वायर गेली होती, टाकीत पेट्रोल होतं. त्याने चिमटीने चांदी काढली, फ्यूज बसवला, सीट बंद केलं. आणि अगदी हळू, स्वतःलाच ऐकू जाईल इतक्या आवाजात तीनदा म्हणाला, "लाईन चालू. लाईन चालू. लाईन चालू."

जिन्यावर पावलं वाजली.

"काय करताय?" उत्तमने विचारलं.

"काही नाही. धूळ पुसत होतो."

उत्तमने किल्ली फिरवली, मोबाइल जोडला. निळा दिवा लागला. त्याने मोबाइल बापासमोर धरला.

"बघा. चालतंय ना? तुमच्या फ्यूजवाचून चालतंय."

दौलतने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगणार. कामाला लागलेला बोल न सोसणारा माणूस तो. पण त्याने मूठ मागे घेतली आणि वाटेतून बाजूला झाला. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. मुठीत चांदीचा पार चुरगळा झाला होता. तो त्याने खिशात घातला.

वर आलो तेव्हा सुभद्रा दारातच उभी होती.

"काय म्हणाला?"

"चालतंय म्हणाला," दौलत म्हणाला, आणि पेटी घेऊन फाटकावर निघाला.