नऊशे ओळींचा पदर

भाची वारासिवनीहून दुपारच्या बसने बालाघाटला माझ्याकडे आली. पाठीवर लॅपटॉप, मागे तिचे वडील. हे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, माझे भाऊजी. त्यांचे सगळे आयुष्य हातमागावर साड्या विणण्यात गेले. भाचीने पहिल्यांदाच स्वतः पदराचे डिझाइन काढले होते. ते वडिलांच्या मागावर चढणार की नाही, हे त्या दिवशी ठरायचे होते.

असे डिझाइन लॅपटॉपवर चौकटी भरून काढतात. चौकटींची एक आडवी ओळ म्हणजे पुठ्ठ्याचा, भोके पाडलेला एक पत्ता. पत्त्यांची माळ मागावर लावली की भोकांप्रमाणे धागे उचलले जातात. पत्ते नागपूरला कापून मिळतात आणि फाइल संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. पत्ते आल्यावर चूक निघाली तर सगळी माळ वाया.

भाऊजींची अट एकच होती. "अख्खा पदर एका नजरेत पाहीन, मंगच हौ म्हणीन."

पदर नऊशे ओळींचा होता आणि लॅपटॉपचा पडदा ७६८ ओळींचा. लहान करून पाहिला तर प्रोग्राम मधल्या काही ओळी सरळ गाळून टाकत होता. भाचीने चार कागदांवर छापून ते चिकटवून पाहिले होते. जोड नेमका मध्यावर आला आणि भाऊजींनी कागद बाजूला सारला.

"मामा, तुमी पेपरात पानं लावत होते ना?" भाची म्हणाली. "एवढ्याशा स्क्रीनवर अख्खं पान कसं पाह्यत होते?"

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी त्यासाठी एक युक्ती वापरत असे. ग्राफिक्सच्या सेटिंगचे सॉफ्टवेअर असते. त्यात आपल्याला हवे ते रेझोल्यूशन लिहिता येते. पडदा १०८० ओळींचा आहे असे लॅपटॉपला सांगायचे. तो तेवढे चित्र तयार करतो आणि ७६८ ओळींत दाबून बसवतो. गाळत काही नाही, शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात. त्यामुळे सगळे दिसते, पण धूसर. प्रत्येक लॅपटॉप हे मान्य करतोच असे नाही.

मी आकडे भरले. पडदा काळा झाला, उजळला आणि मध्ये एक चौकट आली. बदल कायम ठेवायचा का, असे ती विचारत असावी. अक्षरे इतकी बारीक झाली होती की मी चष्मा शोधायला उठलो. पंधरा सेकंदांत उत्तर दिले नाही तर सेटिंग आपोआप पूर्ववत होते. ते झाले.

"साळेबाबू," भाऊजी मला म्हणाले, "बातम्याही अशाच हुकवत होते का?"

"बाबा, चूप बसा ना," भाची म्हणाली. दुसऱ्या खेपेला बटण तिनेच दाबले.

पदर पूर्ण दिसला. पाण्याने भरलेले धानाचे शेत होते. वर लोंब्या, मध्ये पाण्याची आडवी रेघ, खाली त्याच लोंब्यांचे उलटे प्रतिबिंब. काठाच्या बारीक रेघा वर आणि खाली.

"हे धुकं काहून आलं?"

"धुकं नाही बाबा. स्क्रीन लहान हाय, त्यात मोठं बसवलं."

भाऊजी खुर्चीवरून उठले आणि दारापर्यंत मागे गेले. नवा पदर दोघांनी धरायचा आणि विणणाऱ्याने दुरून पाहायचा, अशी त्यांच्या घरातली पद्धत आहे. आम्ही दोघे टेबलाला नाक लावून बसलो होतो.

"बाकी रेघा फिक्या दिसून राह्यल्या," ते दारातून म्हणाले. "मधातलीच एक ठळक काहून?"

"मामाच्या सेटिंगनं झालं असन," भाची म्हणाली. मलाही तसेच वाटले आणि मी तिला दुजोरा दिला.

"सेटिंगनं झाली असती, त साऱ्याच झाल्या असत्या."

भाचीने चित्र मोठे केले. काठाच्या रेघा एकेक ओळीच्या होत्या, मधली दोन ओळींची. तिने वरचा अर्धा भाग रेखून त्याचीच नक्कल खाली उलटी चिकटवली होती, त्यामुळे मधली ओळ दोनदा आली. एकेरी रेघा धूसर होताना शेजारच्या रंगात विरल्या, दुहेरी टिकली.

"मधात धागा एकच राह्यते, बेटा. वरच्याचा बी तोच, खालच्याचा बी तोच," भाऊजी म्हणाले. "नऊशे त सम गिणती झाली. मधला धागा निघन कुठून?"

पडदा स्वच्छ असता तर नऊशेतली एक जादा ओळ कोणाला दिसली असती, असे मला वाटत नाही. भाऊजींना वाटते.

भाचीने जादा ओळ काढून टाकली. ८९९ झाल्या. भाऊजींनी दारातून पुन्हा पाहिले. आता मधली रेघ बाकीच्यांइतकीच फिकी होती. भाची त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"लोंब्या जरा जादाच भरल्या," ते म्हणाले. "इतकं धान आपल्या इकडे होत नाही."

"मंग कमी करू?"

"काहाले? पाठव. मी तुह्या मायले सांगतो, मागावरचे जुने पत्ते उतरवून ठेव म्हणून."

फाइल चार वाजून दहा मिनिटांनी गेली. तोवर भाऊजी दारातच फोनवर बोलत होते. पोरीने पदर काढला आणि तो मागावर चढतो आहे, असे त्यांनी बहिणीला सांगितले. मग एका धाग्याची चूक आपण कशी पकडली तेही सांगितले. ते दोनदा सांगितले.